वाहिलेलं कोहळं

अमरावती,
सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४

प्रिय सूनबाई प्राजक्ता,

प्रभूच्या नावानं तुले अन् प्रबोधले सलाम. आम्ही दोघं बरे आहोत. माझे गुडघे आपल्या जागेवर आहेत, फक्त माझं ऐकत नाहीत. तुझे सासरे सकाळी फिरून येतात, पेपर वाचतात अन् दिवसभर त्या पेपरावरून माझ्याशी वाद घालतात. म्हणजे तब्येत चांगली आहे.

तुले वाटंन, रोज फोन होते तर सासूबाईले पत्राचं काय सुचलं. अवं, फोन लागला की तुझी पोरगी सुवी माझ्या मांडीवर येऊन बसते, तिचे आबा बाजूले कान देऊन बसतात. मनातलं बोलावं कसं? अकोल्याची सीमा तिकडे आफ्रिकेत, मलावीले तुमच्याच मिशन दवाखान्यात नर्स म्हणून येऊन राहिली, तिच्या हाती हे पत्र देईन म्हटलं. जन्मभर वसतिगृहाची मेट्रन होती, साहेब लोकांले शुद्ध मराठीत अहवाल लिहिले. तसंच आता लिहायले बसली तर दोन ओळींत दम लागते. म्हणून बोलते तशीच लिहिते. तू अकोल्याची आहेस, समजंन तुले.

इकडे सोयाबीन निघालं. तूर फुलावर आहे. प्रबोधनं सांगितलं होतं, मलावीतही तूर पिकते अन् तिथं तिले नंदोलो म्हणतात. ते ऐकून मले लय धीर आला होता बरं. म्हटलं, जिथं तूर आहे तिथं माझं पोरगं उपाशी राहत नाही. पण तिथले लोक वरण कसं करतात हे काही त्यानं सांगितलं नाही, अन् मी विचारलं की विषय बदलते.

महिला मंडळाची दर बुधवारची प्रार्थना सुरू आहे. तुम्हा दोघांचा फोटो ख्रिस्तमंदिराच्या फळ्यावर अजून आहे, फक्त उन्हानं प्रबोधच्या शर्टाचा रंग उडाला. माणिकबाई इतकी लांब प्रार्थना करते की चहाले साय येते. चार वर्षं झाली, ती मलावीले मलबारच म्हणते. सांगितलं तर म्हणे, देवाले समजते. तुमच्यासाठी पापड, कुरड्या, लिंबाचं लोणचं झालं आहे, सीमाच्या सामानात बसंन तेवढं देऊ. अन् दरवर्षीसारखं यंदाही मी मंडळीपुढं उभी राहून साक्ष दिली, की आम्हाले एकच मुलगा होता, तो आम्ही देवाच्या कामाले दिला. माणसं डोळे पुसतात. मलेही बरं वाटते, खोटं काहून बोलू.

आता येत्या रविवारी हंगामाचा सण आहे. तुमच्या अकोल्याच्या मंडळीत वेगळं असते, म्हणून सांगते. आमच्याकडे जो तो आपल्या घरचं पीक, कोंबडा, अंडे, संत्री, जे असंन ते वेदीपुढं ठेवते. लेकरू असलं तर ते काहून ठेवलं हेही दोन शब्दांत सांगते. उपासना झाली की बाहेर लिंबाच्या झाडाखाली सगळ्याचा लिलाव. फक्त एक नेम आहे. वाहिलेली वस्तू लिलावात निघाली की त्या घरानं तिच्यावर बोली लावायची नाही. लावली म्हणजे दिलीच नाही. वसतिगृहाच्या किती पोरींले मी हे शिकवलं असंन. मागच्या वर्षी आपला कोंबडा निघाला तर तुझ्या सासऱ्याचा हात वर जाऊन राहिला होता. मी असा चिमटा काढला की हात आपोआप खाली आला.

सुवी यंदा आपलं लाल कोहळं वाहणार आहे. जूनमध्ये तुम्ही सुट्टीवरून परत निघाले त्या दिवशी प्रबोधनं तिच्या हातानं बी लावलं होतं ना, धुण्याच्या दगडाजवळ? त्या वेलीले दोन कोहळी लागली. एक वांदरानं नेलं. दुसरं एवढं मोठं झालं की पोरगी शाळेतून आली की आधी त्याले पाह्यते, मग मले. काहून वाहणार ते मात्र सांगत नाही. आबाले सांगते, मले नाही.

आता सुवीचंच लिहिते, तिले तिकडे बोलावून राहिले ना तुम्ही. तिचा पुढचा दात हलून राहिला. खोकला पंधरा दिवस आहे, तसा कमी आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती मोर आहे, पिसारा मीच शिवून राहिली. तिले भाकरीबरोबर ठेचा लागते, दह्यात कालवून. तुम्ही तिथं मक्याच्या पिठाचा गोळा खाता म्हणे, तो तिच्या घशाखाली उतरणार आहे का? तिथं आता चांगली शाळा झाली हे खरं असंन. पण मच्छर आहेत, ताप आहे, भाषा वेगळी. चार वर्षांची होती तेव्हा तुम्हीच ठेवून गेले, तिथं शाळा नाही, मलेरिया आहे म्हणून. तेव्हा काळीज घट्ट करून गेलीस, मी पाह्यलं. आता एवढ्या लवकर कशाले घाई?

अन् मुख्य म्हणजे ती स्वतःच नाही म्हणते. गुरुवारी फोनवर तुले सांगितलंच मी. तू म्हणालीस, "ठीक आहे आई, जबरदस्ती नको," एवढंच. तू भांडली असतीस तर मले सोपं गेलं असतं. तिचं तिकीट रद्द करायचं की नाही हे पंधरा तारखेच्या आत कळवा म्हणालीस. कळवू.

ती मले आई म्हणते अन् तुले मम्मी. मी शिकवलं नाही. पण दुरुस्तही केलं नाही, हे खरं.

बाकीचं नंतर लिहीन, मोर पुरा करायचा आहे.

सोमवार, ११ नोव्हेंबर

पत्र आठ दिवस शिलाई मशीनच्या खणात पडून होतं. काल रात्री फाडणार होती. मग म्हटलं, राहू दे. वरचं वाचलंस की तुझी सासू आठ दिवसांपूर्वी कशी होती हे तुलेही समजंन.

तिकिटाचं तुझ्या सासऱ्यांनी काल फोनवर दोन शब्दांत सांगितलं. पोरगी येऊन राहिली, तिकीट राहू द्या. तू फोनवर रडत होतीस, मले ऐकू आलं. मी स्वयंपाकघरात निघून गेली. ते काहून झालं हे कोणीच तुले सांगितलं नसंन, कारण सांगायचं काम माझं आहे.

काल हंगामाचा सण झाला. तुझी आई अकोल्याहून सकाळच्या गाडीनंच आली, मुरमुऱ्याचे लाडू घेऊन. आमच्या दोघींचं तुले ठाऊक आहे, एका म्यानात दोन तलवारी. लाडू चांगले झाले होते, तरी मी गूळ जास्त झाला म्हटलं. देऊळ नुसतं भरलं होतं. ज्वारीचे धांडे खांबांले बांधलेले, वेदीपुढं संत्र्याचे ढीग, सोयाबीनची पोती, एक बकरीचं पिल्लू मधेमधे बोलून राहिलं होतं.

लेकरांची पाळी आली. सुवीनं निळा फ्रॉक घातला होता. कोहळं तिच्या पोटापेक्षा मोठं. आबा उचलायले गेले तर तिनं हात लावू दिला नाही. पोटाशी धरून, मागं झुकून, एक एक पाऊल टाकत गेली अन् ठेवलं. पाळकसाहेबांनी वाकून तिच्यापुढं माईक धरला. विचारलं, काहून वाहिलं बाळा?

ती म्हणाली, "मले मम्मी-पप्पाजवळ जायचं आहे म्हणून."

अन् मग थांबून म्हणाली, "पण आईले सांगू नका. ती रडते."

माईकवर, प्राजक्ता. भरल्या मंडळीत. पहिले चार जण हसले, लेकरू गोड बोललं म्हणून. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की ती आई कोणाले म्हणते, अन् बाकावर बाकावर मान वळत गेली. मी तिसऱ्या बाकावर बसली होती. तुझी आई माझ्या बाजूलेच. तिनं मात्र माझ्याकडे पाह्यलं नाही, समोर पाहत राहिली. जन्मात पहिल्यांदा मले विहिणीचे उपकार वाटले.

आता तुले जे सांगितलं नाही ते ऐक. मी तिले विचारलं होतं, हे खोटं नाही. पण कसं विचारलं? केसाले तेल लावता लावता, तिची मान माझ्या गुडघ्यात असताना विचारलं, "आम्हा म्हाताऱ्यांले टाकून जाशील का वं?" असं विचारल्यावर लेकरू काय म्हणणार? नाही म्हणाली. अन् मी लगेच पदर डोळ्याले लावला. तेही तिनं पाह्यलं.

वसतिगृहात नवी पोरगी आली की साहेबांपुढं उभी करून मी विचारायची, इथं बरं वाटते ना? सगळ्या हो म्हणत. अन् दिवे गेले की उशीत तोंड खुपसून रडत. मेट्रनपुढं कोणतीच पोरगी खरं बोलत नाही, हे ज्या बाईनं उभा जन्म पाह्यलं, त्याच बाईनं आपल्या नातीले मेट्रनसारखं विचारलं. अन् जे उत्तर पाहिजे होतं ते घेऊन तुले फोन केला. तू जबरदस्ती नको म्हणालीस. जबरदस्ती तर इथं होऊन राहिली होती.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण तुझ्या सासूचं अजून व्हायचं होतं.

उपासना झाली, सगळे लिंबाखाली जमले. लिलाव चंद्रभान करते, तो एस.टी.तून रिटायर झालेला कंडक्टर. तुले आठवंन, तुमच्या लग्नात पंगतीत लोकांले पुढं सरका, पुढं सरका म्हणत होता तो. कोंबडा काखेत धरून त्यानं लय हसवलं. मले काही ऐकू येत नव्हतं. मग त्यानं दोन्ही हातांनी कोहळं उचललं, अन् म्हणाला, हे आपल्या सुवीचं.

अन् माझा हात वर गेला.

कसा गेला ते मलेच समजलं नाही. ते कोहळं कोणाच्या घरी जाऊ नये, कोणी त्याले चिरू नये, एवढंच मनात होतं. मी बोली बोलली, अन् तीही अशी की बाजारात लोकांनी ऐकली असती तर वेड लागलं म्हणाले असते. कोणीच पुढं बोललं नाही. तुझे सासरे माझ्याकडे पाहत होते. चिमटा नाही काढला त्यांनी. काढायले पाहिजे होता.

चंद्रभाननं कोहळं खाली ठेवलं. माझ्याजवळ आला अन् हळूच बोलला, मंडळीले ऐकू जाऊ नये असं. "काकू, हे तुमच्याच घरचं हाय. माह्या बायकोले वसतिगृहात तुमीच शिकवलं न, वाहिलेल्यावर आपण बोली लावाची नाही."

मी म्हटलं, हो रे बाबा. चुकली मी.

मग बसली तिथंच, पोत्यावर. अन् बाई, पोत्यावर बसल्या बसल्या मले सगळं लख्ख दिसलं. चार वर्षं मी छाती पुढं काढून सांगत होती, आम्ही मुलगा दिला. कुठं दिला? मुलगा दिला अन् त्याचं लेकरू हळूच आपल्या पदराखाली परत घेऊन बसली. वरून साक्ष द्यायची अन् खालून बोली लावायची. खरा त्याग केला तो तू. तुझं नाव मी साक्षीत कधी घेतलं नाही. मुलगा दिला म्हणायची, सून दिली असं कधी तोंडातून निघालं नाही. जणू तू त्याच्या बॅगेसारखी सोबत गेलीस. हे मले लिहायलेही लाज वाटून राहिली, पण लिहिते.

कोहळं माणिकबाईनं घेतलं. तिनं बोली लावली तेव्हा माझ्याकडे पाहून मान हलवली, जशी मयतीत हलवतात तशी.

घरी आलो तर सुवी माझ्यासमोर येत नव्हती. धुण्याच्या दगडाजवळ त्या रिकाम्या वेलीपाशी बसली होती. मी गेली, गुडघे दुखत होते तरी तिच्याजवळ खाली बसली. तिनं विचारलं, "आई, तू रडशील?"

मी म्हटलं, "रडीन. म्हातारी माणसं रडतात, त्यानं काही होत नाही. तू जाय."

ती मान खाली घालून माती उकरत राहिली. मग म्हणे, तू पण चाल. मी म्हटलं, मग आबाले चहा कोण करून देईन? ती विचार करून म्हणाली, आबाले येते चहा करता. तुझ्या सासऱ्याले चहा करता येते हे या घरात मले सोडून सगळ्यांले ठाऊक होतं वाटते. मग ती माझ्या गळ्यात पडून रडली, चांगली मोठ्यानं. मीही रडली. तुझी आई दारातून पाहून गेली अन् थोड्या वेळानं तिघींसाठी चहा घेऊन आली. गूळ बरोबर होता लाडवात, हे मी तिले तेव्हा सांगितलं.

आत आलो तर पलंगावर सुवीची बॅग. माळ्यावरून काढलेली, पुसलेली, पासपोर्ट वरच्या कप्प्यात. मी यांले विचारलं, कवा काढली? म्हणे, लय दिवस झाले. मी विचारलं, मग बोलले काहून नाही? म्हणे, तुझ्यापुढं कोण बोलते? तेही मेट्रनलेच भिऊन होते.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

उद्या संध्याकाळची गाडी. अकोल्याले सीमा चढंन, तुझी आई अन् बाबा स्टेशनवर भेटायले येतील. तुझे सासरे मुंबईपर्यंत सोबत जाऊन राहिले. मी इथूनच निरोप देईन. मुंबईले गेली तर विमानतळावर पुन्हा माझा हात वर जाईन, माझा भरोसा नाही.

मोराचा पिसारा शाळेले देऊन टाकला, दुसरी पोरगी नाचंन. सुवीनं तिले पाय कसे टाकायचे ते दाखवून दिलं.

माणिकबाईनं कोहळं चिरलं, गूळ घालून बोंडं तळली अन् मंडळीत घरोघरी पाठवली. आपलं घर सोडून, नेम म्हणजे नेम. पण सुवी तिच्याच घरी जाऊन खाऊन आली, बोटं चाटत. मी तिचं तोंड पुसून दिलं. माणिकबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवून लय वेळ प्रार्थना केली म्हणे, अन् तिले मलबारले सुखरूप पोहोचव म्हणाली. देवाले समजंन.

आता काही गोष्टी. फोनवरही सांगीन, पण लिहिलेलं बरं असते.

दात परवा पडला, काळजी नको. खोकला गेला. दूध प्यायले देशील तर साय काढून दे. पालीले भिते, पण भिते असं म्हणत नाही, नुसती त्या खोलीत जात नाही. काही लपवून राहिली असली की एकदम शहाण्यासारखी वागते, तेव्हा समजून घे. अन् तिले काही विचारशील तर तिच्या डोळ्यांत पाहून विचारू नकोस. काम करता करता, पाठ करून विचार, अन् विचारून झाल्यावर रडू नकोस. हे मी फार उशिरा शिकली, तू आधीच शीक.

बॅगेत तुरीची डाळ आहे. नंदोलोवर माझा भरोसा नाही अजून.

झोपताना तिले बाजूच्या माणसाच्या कानाची पाळी धरायले लागते. माझी तर लोंबून गेली चार वर्षांत. तू कानात लांब डूल घालत असशील तर रात्री काढून ठेव. पहिले काही दिवस ती तुझ्या कानाले हात लावणार नाही. भिंतीकडे तोंड करून झोपंन, मले आठवंन. तेव्हा तुले वाईट वाटंन. वाटू दे, पण तिले ओढू नकोस. एक दिवस अंधारात तिचा हात आपोआप येईन. त्या दिवशी मले फोन करून सांग. लगेच नको, सकाळी सांग.

आज दुपारी तिची वेणी घालता घालता मी तिले सांगितलं, तिथं गेली की मम्मीले आई म्हणायचं. ती म्हणे, मग तुले काय म्हणू? मी म्हटलं, आजी म्हण. तिनं म्हणून पाह्यलं. आजी. मग वळून माझ्याकडे पाह्यलं अन् म्हणे, तू आजीसारखी नाही दिसत. मी म्हटलं, दिसायले लागीन. त्यानंतर चार वेळा आजी म्हणाली, अन् आंघोळीले पाणी जास्त गरम लागलं तर ओरडली, आई! होईन हळूहळू. तूही घाई करू नकोस.

हे पत्र सीमाजवळ देणार होती. आता नाही. सुवीच्याच बॅगेत, निळ्या फ्रॉकच्या घडीत ठेवून राहिली. तिले सांगितलं आहे, पोहोचल्यावर आपल्या हातानं आईले द्यायचं. ती देईन तेव्हा कागदाकडे पाहू नकोस, आधी तिले जवळ घे. अन् हे वाचून राहिलीस म्हणजे घेऊन झालं असंन.

पुढच्या बुधवारी मंडळात साक्ष माझी आहे. यावेळी तुझं नाव आधी घेईन, मग प्रबोधचं, मग सुवीचं. लोकांनी डोळे पुसले नाही पुसले, त्याची फिकीर नाही. प्रार्थना रोज होईन. पापडाच्या डब्यात लोणचं वेगळं बांधलं आहे, सांडंन तर सीमाले बोलू नका.

देव तुम्हा तिघांले सांभाळो.

दिलेल्यावर पुन्हा हात वर न करणारी,
तुझी सासू, अन् उद्यापासून सुवीची आजी,
रिबका